तोच सिनेमा पुन्हा का बघावासा वाटतो?

आईकडे गेले की दुपारची जेवणं झाल्यावर ठरलेला कार्यक्रम असतो. ती दिवाणावर पाय वर घेऊन बसते, मांडीवर शेंगांचं सूप घेते आणि 'अशी ही बनवाबनवी' लावते. सिनेमा १९८८ चा, त्यामुळे तिने तो किती वेळा बघितला असेल याचा हिशोब आता तिलाही लागणार नाही. लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून समोर येणार असतो, त्याच्या अगदी थोडं आधी तिचे शेंगा सोलणारे हात थांबतात. पडद्यावरचा माणूस बोलायच्या आत तिचे ओठ हलायला लागतात. हसूही आधीच येतं.

मी कित्येक वर्षं तिच्या मागे लागायचे, "अगं, केवढं नवीन आलंय, त्यातलं काहीतरी बघ ना." त्यावर ती म्हणायची, "बघते गं, एवढं झालं की."

असं करणारी ती एकटी नाही. गेली दोन-तीन वर्षं थिएटरांमध्ये जुने सिनेमे पुन्हा लागण्याची लाट आली आहे. २०१८ चा 'तुंबाड' २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परत लागला, आणि पहिल्या वेळी झाली नव्हती एवढी कमाई त्याने दुसऱ्या वेळी केली. अमेरिकेत २०२३ मध्ये ऑनलाइन सर्वाधिक बघितली गेलेली मालिका होती 'सूट्स', जी २०१९ मध्येच संपली होती. त्या एका वर्षात लोकांनी ती मिळून ५,७७० कोटी मिनिटं बघितली. आपल्याकडे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने १९८७-८८ चं 'रामायण' परत दाखवलं, आणि १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी बघितल्याचं जाहीर केलं.

मग एवढं नवीन हाताशी असताना आपण जुन्याकडे का वळतो? "पूर्वीच्या सिनेमांची सर आताच्यांना नाही" हे एक उत्तर आणि "तुम्ही काळाबरोबर चालत नाही" हे दुसरं. ही दोन्ही उत्तरं घराघरात भांडणं लावतात, कारण दोन्हींत काही तरी खरं आहे आणि दोन्ही अर्धवट आहेत.

पाखडलेले गहू आणि पोत्यातले गहू

पहिली गोष्ट आपण जे मोजतो त्याबद्दलची आहे. १९८८ मध्येही दर शुक्रवारी सिनेमे लागत होते. त्यातले बहुतेक एका आठवड्यात उतरले आणि आज त्यांची नावंही कोणाला आठवत नाहीत. जे आठवतात ते पस्तीस-चाळीस वर्षांच्या पाखडणीतून राहिलेले. म्हणजे जुने गहू आपल्यापुढे येतात ते निवडून-पाखडून, आणि या शुक्रवारचे गहू येतात थेट पोत्यातून, खडे आणि माती यांच्यासकट. या दोघांची तुलना केली तर जुनं सरस ठरणारच.

या चुकीला शास्त्रात 'सर्व्हायव्हरशिप बायस' म्हणतात, म्हणजे टिकलेल्यांकडे बघून सगळ्यांबद्दल मत बनवणं. जुने वाडे बघून "पूर्वीचं बांधकाम काय मजबूत असायचं" असं आपण म्हणतो तेव्हा हेच होतं. जे वाडे पडले ते आपल्याला दिसत नाहीत.

ही पाखडण मोठी वेळखाऊ असते आणि तिचा निकाल त्या वेळच्या गल्ल्याशी जुळतोच असं नाही. 'मेरा नाम जोकर' १९७० मध्ये पडला. 'अंदाज अपना अपना' १९९४ मध्ये फारसा कोणी बघितला नाही. आज दोन्हींवर जीव टाकणारे लोक आहेत. याचा अर्थ, या वर्षीच्या सिनेमांतला कोणता पुढे टिकणार हे आज कोणालाही सांगता येणार नाही. "हल्ली काहीच धड बनत नाही" हे वाक्य म्हणूनच मला घाईचं वाटतं.

"पण हल्ली सगळे रिमेकच करतात, तेव्हा डोकं चालवायचे," असंही ऐकू येतं. आईचा लाडका सिनेमा स्वतःच १९६६ च्या हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमावरून घेतलेला आहे. घर मिळत नाही म्हणून मित्रांनी बायकांचं सोंग घ्यायचं, ही गोष्ट तिथलीच. सचिन पिळगावकरांनी ती इतकी आपली केली की मूळ सिनेमा विचारला तर दहातल्या नऊ मराठी माणसांना सांगता येणार नाही.

'आमच्या वेळी' म्हणजे नेमकं केव्हा?

दुसरी गोष्ट बघणाऱ्याच्या वयाची. कोणत्याही साठीच्या माणसाला आयुष्यातल्या ठळक आठवणी सांगायला सांगा. त्यातल्या खूपशा साधारण पंधरा ते पंचवीस या वयातल्या निघतात. आठवणींचा आलेख काढला तर तिथे उंचवटा दिसतो. पहिली नोकरी, कॉलेज, लग्न, घरापासून लांब काढलेली पहिली रात्र, असं पहिल्यांदा घडणारं बरंच काही याच वयात येतं आणि खोल रुतून बसतं. त्याच्या आजूबाजूला जी गाणी वाजत होती, जे सिनेमे लागले होते, तेही त्याबरोबर रुततात. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवली. लोकांना सर्वांत जास्त आवडली ती त्यांच्या वयाच्या साडेतेविसाव्या वर्षाच्या आसपासची गाणी.

आईचं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हा 'बनवाबनवी' लागला होता. बाबांनी हाफ डे टाकला होता, आणि परत येताना एस.टी. चुकली म्हणून दोघं स्टँडवर दीड तास बसून सिनेमातलेच संवाद एकमेकांना म्हणून दाखवत होते. ही गोष्ट मला अगदी अलीकडे कळली, बाबा गेल्यानंतर. इतकी वर्षं मी तिला "तोच तो सिनेमा काय बघतेस" म्हणत होते.

इथे एक रास्त शंका निघते. हे जर वयाचंच असेल, तर विशीतली मुलं आपल्या जन्माआधीचे सिनेमे आणि गाणी का लावतात? माझी भाची २००६ ची. तिच्या फोनमध्ये किशोर कुमार आहे, आणि तो तिला कोणी जबरदस्तीने ऐकवलेला नाही. याचंही उत्तर शोधलं गेलंय. कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात कॉलेजच्या मुलांना आधीच्या अनेक दशकांतली गाणी ऐकवली. मुलांना स्वतःच्या काळातली गाणी आवडली, पण त्यांचे आई-वडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांशीही त्यांचा जिव्हाळा दिसला, आणि थोडा आजी-आजोबांच्या काळातल्या गाण्यांशीही. उंचवटा वारशाने मिळतो. लांबच्या प्रवासात गाडीत बाबांनी लावलेली गाणी, रविवारी सकाळी पोहे होत असताना आत चालू असलेला टीव्ही, यातून तो पुढच्या पिढीकडे जातो.

शेवट माहीत असताना मजा कसली?

हा प्रश्न मी आईला अनेकदा विचारलाय. खरं तर तो मराठी माणसाला पडायलाच नको. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला हरिश्चंद्राचं पुढे काय होणार ते ठाऊक असतं. दशावतारात राक्षस मरणार हे पहिल्या रांगेतल्या चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतं, तरी पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. गाण्याच्या बाबतीत तर "हे ऐकलंय, दुसरं लावा" असं आपण म्हणतच नाही, उलट ओळखीचं लागलं की आवाज वाढवतो. तेच सिनेमाच्या बाबतीत केलं की मात्र लोक वेळ वाया गेला म्हणतात.

ओळखीतून आवड तयार होते, हे रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं. चिनी लिपी अजिबात न येणाऱ्या लोकांना त्याने चिनी अक्षरांसारख्या आकृत्या दाखवल्या, काही एकदाच आणि काही पुन्हा पुन्हा. नंतर विचारलं, यातल्या कोणत्या अक्षराचा अर्थ चांगला असेल? जी अक्षरं जास्त वेळा बघितली होती, त्यांचा अर्थ लोकांना जास्त चांगला वाटला. अर्थ कोणालाच माहीत नव्हता. गल्लीच्या तोंडाशी रोज दिसणारा, कधीही न बोललेला माणूस परक्या गावात भेटला तर आपला वाटतो, त्यातलाच हा प्रकार.

आणि दुसऱ्यांदा बघणं म्हणजे तेच बघणं नसतं. पहिल्यांदा आपलं निम्मं लक्ष "आता काय होणार" यात अडकलेलं असतं. दुसऱ्यांदा ते मोकळं होतं. मग मागे उभ्या असलेल्या नटाचा चेहरा दिसतो, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, अशोक सराफ समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी किती वेळ नुसता बघत राहतो ते कळतं. एड ओब्रायन या शिकागोच्या अभ्यासकाने २०१९ मध्ये याचीच तपासणी केली. एकदा बघितलेलं प्रदर्शन किंवा सिनेमा परत बघायचा म्हटलं की लोकांना कंटाळवाणं होईल असं वाटत होतं. प्रत्यक्षात बघितल्यावर त्यांना अंदाजापेक्षा बरीच जास्त मजा आली.

हा आळस तर नाही?

काही प्रमाणात आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. रात्री साडेनऊला, लोकलचे दोन तास आणि ऑफिसचे नऊ तास अंगावर घेऊन आलेल्या माणसापुढे शेकडो पोस्टरं सरकत असतात. प्रत्येक निवडीत धोका आहे, दोन तास फुकट जाण्याचा. यावरचा जॅमचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा चव बघणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांनी खरेदी केली, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम दर वेळी दिसला नाही, म्हणून त्याला नियम म्हणू नये. पण दमलेल्या अवस्थेत निवड करणं जड जातं, एवढं रिमोट हातात धरणाऱ्या प्रत्येकाला पटेल.

जेय डेरिक या संशोधिकेला आढळलं की मनाची ताकद खर्ची पडलेले लोक आपल्या आवडत्या, ओळखीच्या मालिकांकडे वळतात आणि त्यानंतर त्यांना पुन्हा तरतरी येते. नुसतं जे लागलंय ते बघून असा फरक पडला नाही. ओळखीच्या गोष्टीतल्या माणसांशी सांभाळून बोलावं लागत नाही, ती अचानक काही बोलून दुखवत नाहीत. दिवसभर माणसांशी सांभाळून बोलणाऱ्याला याची किंमत कळते.

लॉकडाऊनमधल्या 'रामायणा'कडे मी असंच बघते. अर्थात मालिकांची शूटिंग बंद होती, वाहिन्यांकडे दाखवायला नवीन काही नव्हतं, हेही तितकंच खरं. पण उद्या भाजी मिळेल का, पगार होईल का, दवाखान्यात खाट मिळेल का, यातलं काहीच माहीत नसताना जिचा शेवट पक्का ठाऊक आहे अशी एक गोष्ट रोज ठरलेल्या वेळी लागत होती. आमच्या सोसायटीत त्या वेळी एकाच वेळी सगळ्या खिडक्यांतून एकच आवाज यायचा.

माणूस नवीन माणसं, नवीन कामं, नवीन जागा सगळंच टाळायला लागला आणि जुन्या मालिकेच्या आडोशाला जाऊन बसला, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा सिनेमाबद्दल न बोलता त्या माणसाची विचारपूस करावी.

मग जुन्यात खरोखर काहीच चांगलं नव्हतं का?

होतं की. सगळा दोष बघणाऱ्याच्या मनाला देणं मला मान्य नाही. काही गोष्टी खरोखर बदलल्या आहेत, आणि त्यातली सर्वांत मोठी बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे आवाज.

"हल्लीचे लोक पुटपुटतात, काही कळत नाही," अशी आईची तक्रार असते. मला वाटायचं तिचे कान गेले. पण कानाच्या डॉक्टरांनी तपासून ते ठीक असल्याचं सांगितलं. खरं कारण असं: पूर्वी आपल्याकडे शूटिंगच्या वेळी कॅमेरा घरघरायचा, सेटवर गोंगाट असायचा, म्हणून नट नंतर स्टुडिओत जाऊन सगळे संवाद पुन्हा बोलायचे. याला डबिंग म्हणतात. माइक तोंडापाशी, खोली शांत, त्यामुळे शब्द न् शब्द स्वच्छ. शिवाय बहुतेक सिनेमांत आवाजाचा पट्टा एकच असायचा. संवाद, पाऊस, तबला सगळं त्या एका पट्ट्यात बसवायचं, तर संवाद वर ठेवण्यावाचून इलाज नसायचा.

पुढे २००१ च्या 'लगान'सारख्या सिनेमांनी जागेवरच आवाज टिपायची पद्धत आपल्याकडे रुजवली. त्यात अभिनय जास्त खरा वाटतो. कुजबुज कुजबुजीसारखी येते. पण असे सिनेमे थिएटरासाठी घडवलेले असतात, जिथे पडद्यामागे, बाजूला, पाठीमागे स्पीकर असतात आणि संवादाला मधला स्पीकर राखून ठेवलेला असतो. घरचा टीव्ही पातळ, त्याचे दोन छोटे स्पीकर खाली नाहीतर भिंतीकडे तोंड करून. सहा वाटांनी यायचा आवाज त्या दोनांत कोंबला जातो. मग बोलणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा, तेवढ्यात गाडी उलटते आणि शेजारी उठतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद ठळक करण्याची किंवा रात्रीच्या आवाजाची सोय असेल तर ती चालू करून बघा. आईकडे मी ती केली आणि तिची पुटपुटण्याची तक्रार बरीच कमी झाली.

दुसरा बदल वेगाचा. सिनेमाच्या एका अखंड तुकड्याला, म्हणजे दोन कापांमधल्या भागाला, शॉट म्हणतात. डेव्हिड बोर्डवेल या अभ्यासकाच्या मोजणीप्रमाणे १९३० ते १९६० च्या हॉलिवूड सिनेमात असा एक तुकडा सरासरी ८ ते ११ सेकंद चालायचा, आणि नंतरच्या दशकांत तो आखूड होत गेला. जुना सिनेमा 'निवांत' वाटतो त्याला हे एक मोजता येणारं कारण आहे.

मालिकांचं गणित आणखी वेगळं. दूरदर्शनच्या काळात मालिका साधारण तेरा भागांच्या हिशोबाने मंजूर व्हायची, आठवड्याला एक भाग. लेखकाला शेवट माहीत असायचा, तिकडे जायचा रस्ताही. आताची रोजची मालिका आठवड्याला पाच-सहा भाग मागते आणि किती दिवस चालणार हे टीआरपी, म्हणजे किती घरांत ती बघितली गेली याचा आकडा, ठरवतो. आकडा चांगला आला तर संपायला आलेली गोष्ट पुढे ओढावी लागते. तिथे लिहिणाऱ्या लोकांना मी दोष देणार नाही. रोज वीस-बावीस मिनिटांचं लिहून देणं हे हाड मोडणारं काम आहे. पण त्या पद्धतीत घट्ट विणलेली गोष्ट क्वचितच उतरते.

आणि जे आठवणीतून गळलं ते

जुनं परत बघताना कधी कधी ठेच लागते. नकार देणाऱ्या मुलीच्या मागे गाणं म्हणत फिरणारा नायक, बायकोला दिलेली थप्पड आणि त्यावर प्रेक्षकांचा हशा, काळ्या रंगावरून आणि जाडेपणावरून केलेले विनोद. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' बघून आमच्या घरातल्या बायका पदर ओले करून परत आल्या होत्या. मध्यंतरी तोच लागला तेव्हा भाची पंधरा मिनिटांनी म्हणाली, "आजी, ती घरातून निघून का जात नाही?" आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तेव्हा कुठे जाणार होती?" त्या दुपारी त्या दोघी सिनेमा सोडून दोन तास बोलत बसल्या, आईच्या मावशीबद्दल, जिच्याबद्दल मीही कधी ऐकलं नव्हतं. आवडतं म्हणून सगळं पोटात घालायची गरज नाही, आणि खटकतं म्हणून फेकून द्यायचीही नाही.

सूप कोणाच्या हातात?

वर पाखडणीबद्दल लिहिलं तेव्हा ते काम काळ आपोआप करतो असं वाटलं असेल. तसं नाही. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईत लागला. आज त्याची एकही प्रत जगात कुठे उपलब्ध नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच उरलाय. आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट बनले, त्यातले अगदी मोजके शिल्लक आहेत. ते वाईट होते म्हणून गेले नाहीत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची, चट्कन पेट घेणारी. फिल्मवर चांदी असायची, म्हणून जुनी रिळं भट्टीत वितळवली गेली. काही रिळं दमट गोदामांत कुजली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते १९६४ मध्ये, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'नंतर एक्कावन्न वर्षांनी. त्या संग्रहालयाच्या पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव फिरून रिळं गोळा केली, म्हणून १९३६ च्या 'संत तुकाराम'सारखा सिनेमा आपण आजही बघू शकतो. तरीही २००३ मध्ये पुण्यातच फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि त्यात प्रभात फिल्म कंपनीच्या वारशाचा मोठा तुकडा गेला.

आज वाटतं सगळं ऑनलाइन आहे, मग हरवणार कसं. पण ऑनलाइन असलेला सिनेमा आपल्याकडे नसतो, करार संपेपर्यंत तिथे असतो. एक दिवस शोधावं तर सापडत नाही. ज्या छोट्या मराठी सिनेमाची ना सीडी निघाली, ना तो वाहिनीवर लागला, त्याला पाखडणीपर्यंत पोचायचीही संधी मिळत नाही. तीस वर्षांनी कोणाला तरी 'जुनं ते सोनं' म्हणायचं असेल, तर ते सोनं आज कोणीतरी जपलेलं असावं लागेल, आणि त्याआधी ते कोणीतरी बघितलेलं असावं लागेल.

गेल्या दिवाळीत मी आईला २०१८ चा 'नाळ' लावून दिला, चैत्या नावाच्या लहान मुलाची गोष्ट. ती गप्प बसून होती, मध्ये दोनदा उठून गॅस बघून आली. संपल्यावर म्हणाली, "बरा आहे." मला वाटलं, झालं. जानेवारीत परत गेले तेव्हा दुपारी तिने शेंगांचं सूप मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "त्या चैत्याचा लाव गं." त्यातला एक प्रसंग आला तसे तिचे हात थांबले.